शब्द नको, चाल सांगा

विसरलेलं गाणं शोधायला आलेला माणूस आधी शब्दच सांगू लागतो. 'सांज होती बघा त्यात, नाही, चांदणं होतं.' चारकोपच्या आमच्या सेक्टरमधले भजनी बुवा त्याला तिथेच थांबवतात. आठवत नसलेला शब्द माणूस नकळत रचतो आणि त्या रचलेल्या शब्दामागे शोधणारा भरकटतो. चाल तुटकी आठवेल, मध्येच अडेल, पण सहसा कुणी ती रचून सांगत नाही. म्हणून बुवा पेटीवरचं फडकं काढता काढता एवढंच म्हणतात, 'शब्द ऱ्हवांदेत. ना-ना करून म्हणा.'

अशी माणसं चारकोपात बरीच भेटतात, याला कारण आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे लहान लहान प्लॉट पाडून वस्ती वसवली. भिंतीला भिंत लागलेली बैठी घरं, त्यांवर नंतर चढलेले मजले. राहायला आलेले अनेकजण गिरणगावातल्या चाळींमधून आलेले. चाळीत काय किंवा इथे काय, रेडिओ एका घरात आणि ऐकणारी चार घरं. निवेदक गाण्याचं नाव सांगायचा तेव्हा आपल्या घरात कुकरची शिट्टी व्हायची. गाणं कानावर पडून पडून पाठ झालं, पण ते कुणाचं, कोणत्या सिनेमातलं, हे कधी कळलंच नाही. त्यामुळे यातली निम्मी गाणी विसरलेली नसतातच, त्यांची नीट ओळखच झालेली नसते.

एका संध्याकाळी शेजारच्या प्लॉटवरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांची आई लालबागच्या खोलीत दिवाबत्तीच्या वेळी एक गाणं गुणगुणायची. वहिनींच्या मते ती अंगाई होती. शब्द एकही आठवत नव्हता, कुठेतरी 'रे' येतो एवढंच. बुवांनी पेटीला हात लावला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी सूर दिला की माणूस त्या सुरात शिरतो आणि त्याची स्वतःची पट्टी हरवते. वहिनींनी डोळे मिटून एक ओळ गुणगुणली, अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या खेपेलाही त्या त्याच जागी सुरू झाल्या. तेव्हा कुठे बुवांनी भाता उघडला आणि पांढरी पाच धरली.

ही पट्टी टिकून राहणं योगायोगाचं नव्हे. डॅनियल लेव्हिटिन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या विद्यार्थ्यांना आवडीची गाणी आठवून म्हणायला लावली. दोनपैकी एका तरी वेळी मूळ रेकॉर्डचा नेमका सूर धरणारे सुमारे ४० टक्के निघाले. गाणं न शिकलेल्या माणसाच्या कानात किती काय साठलेलं असतं, ते बुवांच्या खोलीत बसलं की कळतं.

बुवा एकेक पट्टी दाबत वहिनींच्या मागे गेले. रिषभ कोमल लागला. मध्यम तीव्र. 'पंचम आसा, म्हणजे मारवो न्हय,' ते स्वतःशीच पुटपुटले. धैवतही कोमल. एवढ्यावर अंगाईची शक्यता त्यांनी जवळजवळ सोडून दिली. हे कातरवेळेचे सूर, पूरिया धनाश्रीच्या घरातले. मराठी भावगीतांत आणि सिनेमात या सुरांची गाणी मोजकीच. ज्यांना रागाचं नावसुद्धा माहीत नाही त्या वहिनींनी तो कोमल रिषभ इतकी वर्षं जसाच्या तसा जपला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

बुवांकडे चालींचा हा साठा आला तो भजनातून. कोकणातल्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गजर रंगवायला सिनेमाच्या चाली सर्रास घेतात. समोरच्याने कोणती चाल उचलली हे पहिल्या ओळीतच ओळखावं लागतं, उत्तर द्यायचं असतं ना! आमच्या बुवांच्या वहीत प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या गाण्याचे दोन शब्द असतात. ही रीत जुनीच. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं. त्या काळच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदांवर अशाच चाली छापलेल्या असायच्या. नवं गाणं जुन्या गाण्याच्या नावाने ओळखायचं, स्वरलिपीची गरजच नाही.

वहिनींच्या नातवाने दरम्यान फोन पुढे केला होता. फोनवर गूगलला गुणगुणून विचारायची सोय २०२० पासून आहे. वहिनी गायल्या आणि पडद्यावर तीन हिंदी गाणी आली, तिन्ही भलतीच. या शोधाचं मूळ तत्त्व मात्र साधं आणि सुंदर आहे. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये एक कोश काढला. त्यात प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढ्यावरच चाली लावल्या होत्या. १९९५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी गुणगुणण्यावरून गाणं शोधणारी संगणकाची पद्धत मांडली, तीही याच तीन खुणांवर. सूर चुकतात, पण चढ-उतार सहसा चुकत नाही. बुवा याच वाटेने जातात. पुढे मात्र ते जे विचारतात ते यंत्र विचारत नाही: आई हे कधी म्हणायची? दाराशी उभी राहून की पोळ्या लाटताना?

'दाराशी,' वहिनी म्हणाल्या.

बुवांच्या मनात दोन गाणी होती. दोन्ही कातरवेळेची, दोन्हींत 'रे'. आधी त्यांनी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं, शान्ता शेळक्यांचं 'जिवलगा' वाजवलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. 'छान आहे, पण हे नाही.' असं 'नाही' ऐकून बुवा खूश होतात. आठवून गाता न येणारा माणूससुद्धा समोर वाजलेली चूक बिनचूक पकडतो. मग त्यांनी श्रीनिवास खळ्यांची चाल धरली, 'जिव्हाळा' सिनेमातलं 'या चिमण्यांनो'. ओळ अर्धी व्हायच्या आत वहिनींचा हात वर गेला आणि शब्द आपोआप तोंडात आले. शब्द माडगूळकरांचे, आवाज लताबाईंचा. त्या गुणगुणत होत्या तो भाग कडव्यातला होता, म्हणूनच धृपदाशी जुळवताना काही लागत नव्हतं. हे फार वेळा होतं. चाल जिथे उंच चढते ते कडवं मनात रुततं आणि गाण्याचं तोंड हरवतं.

सगळ्यांचं असं सुटत नाही. मुळशी खोऱ्यातून आलेल्या एका आजींची चाल बुवांना कुठल्याच गाण्यात सापडली नाही. ओळ एवढीशी, कडवं नाही, तीच पुन्हा पुन्हा. बुवांनी विचारलं, 'आजी, हां जात्यावरचां काय?' आजी हसल्या. त्यांना ते रेडिओवरचं वाटत होतं, होतं ते आईचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी मुळशी-मावळ भागातल्या. त्या संग्रहात शोधायचं तर गाण्याचं नाव उपयोगाचं नाही, गाव सांगावं लागतं. आजींनी गाव सांगितलं. बुवांनी वहीत 'चाल' लिहून पुढे ते गाव लिहिलं आणि खाली सरगम उतरवायला घेतली. पेटीवर वाजवून दाखवली तर आजींनी अडवलं, 'तसं नाय बाबा, तिथं थोडं खाली यायचं.' बुवांनी तो सूर खोडला आणि म्हणाले, 'परत म्हणा.'