संगणकावरचा कारागीर : दिवस ग्राहकाचा, रात्र सर्व्हरची

अंधेरीच्या मरोळ भागात आमच्या बहिणीचे घर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल, त्यावर दोन पडदे, खाली इन्व्हर्टरची बॅटरी. हाच आमच्या भाच्याचा कारखाना. मेहुणे शिलाई मशीन दुरुस्त करतात, त्यांच्याकडे येणारे लोक या टेबलाकडे पाहून विचारतात, "मुलगा दिवसभर घरीच? नोकरी लागली नाही का?" आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज हा प्रश्न विचारला जातो, म्हणून या धंद्याची माहिती येथे देत आहोत.

भाचा वेबसाइट बनवतो. दुकानदार, डॉक्टर, शाळा, टूरवाले यांची पाने तो इंटरनेटवर उभी करतो आणि चालू ठेवतो. त्यासाठी तो मुख्यतः वर्डप्रेस नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. याची हकिगत कारागिरांना सहज समजेल अशी आहे. फ्रान्सच्या मिशेल वाल्द्रिगी नावाच्या तरुणाने 2001 मध्ये बी-टू नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. लोकांना आपले रोजचे लिखाण इंटरनेटवर छापता यावे, एवढाच त्याचा उद्देश होता. पुढे त्याच्याकडून काम थांबले आणि वापरणारे अडचणीत आले. कारखान्याचा उस्ताद अचानक निघून जावा तशी ही अवस्था. परंतु बी-टूचा परवाना खुला होता, म्हणजे कोणीही त्याचा नमुना उचलून पुढे काम करू शकत होता. अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिट्ल या दोघांनी ते उचलले व 27 मे 2003 रोजी वर्डप्रेस बाहेर आले. आज जगातील दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक याच सॉफ्टवेअरवर चालतात.

व्यापारी लगेच विचारतील की फुकट मिळणाऱ्या मालावर कमाई कशी? शेरवानीचा नमुना सर्वांना ठाऊक असतो, पण अंगावर नीट बसेल अशी शिवण्याचे पैसे घेतले जातात. येथेही मजुरी हीच कमाई आहे, आणि मजुरी पहिल्या दिवशी संपत नाही. डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेसची पाचवी आवृत्ती आली आणि लिहिण्याचा तक्ताच बदलला. जुन्या पद्धतीवर हात बसलेल्यांना पुन्हा शिकावे लागले. मशीन तेच, पण सुई, दोरा, पेडल सगळे बदललेले.

वेबसाइट जेथे साठवली जाते तो संगणक म्हणजे सर्व्हर. तो भाच्याच्या टेबलाखाली नसतो, भाड्याने घेतलेला असतो. पूर्वी आपल्याकडचे बरेच लोक अमेरिकेतील सर्व्हर भाड्याने घेत, आणि पान उघडायला समुद्रापार जाऊन यावे लागे. जून 2016 मध्ये अॅमेझॉनने मुंबईत आपली सर्व्हर केंद्रे सुरू केली, तेव्हापासून जवळचा पर्याय वाढला. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या तारांपैकी अनेक आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच जमिनीवर येतात, हे तेथे रोज फिरायला जाणाऱ्यांनाही बहुधा माहीत नसेल.

जागा भाड्याने देणे आणि नाव विकणे हा तर अंधेरीचाच मोठा धंदा झाला. 1998 मध्ये 18 वर्षांचा भाविन तुराखिया आणि त्याचा 16 वर्षांचा भाऊ दिव्यांक यांनी वडिलांकडून 25 हजार रुपये उसने घेऊन डायरेक्टी कंपनी काढली. त्यांचे गिऱ्हाईक आमच्या भाच्यासारखे छोटे कारागीरच जास्त. त्यांना घाऊक भावात वेबसाइटची नावे आणि सर्व्हरची जागा द्यायची, त्यांनी ती किरकोळीत विकायची. मस्जिद बंदरच्या कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याला हा हिशेब शिकवावा लागणार नाही. कंपनीची इमारत अंधेरी पूर्वेला त्या सबवेशेजारी होती, जो पहिल्या जोराच्या पावसात तुंबतो. 2014 च्या जानेवारीत हा नाव व जागेचा धंदा अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीला सुमारे 16 कोटी डॉलरना विकल्याचे जाहीर झाले. पंचवीस हजारांचे उसने सर्वांचेच असे फळत नाही, हे सांगायला नको.

आता घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात घाटकोपरच्या एका कापड व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या वेबसाइटवर कापडाऐवजी परदेशी गोळ्या-औषधांच्या जाहिराती दिसत होत्या. एक जोडसॉफ्टवेअर वर्षभर अद्ययावत केलेले नव्हते, त्या फटीतून कोणी तरी आत शिरले होते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने तक्रार येताच खातेच बंद केले. बॅकअप म्हणजे जादा प्रत होती, पण ती त्याच सर्व्हरवर! दुकानाची दुसरी किल्ली दुकानातच ठेवावी तसे झाले. शेवटी लॅपटॉपवर सहा आठवड्यांपूर्वीची प्रत सापडली. त्यानंतर टाकलेला ईदचा सगळा माल पुन्हा एकेक फोटो लावून चढवावा लागला. दोन रात्री गेल्या. सहरीसाठी आमची बहीण उठली तेव्हा पोरगा अजून टेबलाशीच. तिने ताट तेथेच आणून ठेवले.

व्यापारी म्हणाला, वेबसाइट तू बनवलीस, दुरुस्ती तुझी. भाचा म्हणाला, मी बनवून दिली, सांभाळायचे ठरले नव्हते. मेहुण्यांनी दोघांचे ऐकून एवढेच विचारले, "मशीन विकताना तेल कोण घालणार, हे बोलला होतास का?" बोलला नव्हता. पैसे मिळाले नाहीत.

आमच्या मते चूक दोघांची होती, पण थोरली कारागिराची. ग्राहकाला फट दिसत नाही, कारागिराला दिसते. तेव्हापासून तो देखभालीचे वार्षिक पैसे वेगळे लिहून घेतो. जादा प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवतो आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत चालेलच याची खात्री नसते.

ज्यांनी अशी कामे करवून घेतली आहेत त्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट आजच तपासावी. तुमच्या वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? पुष्कळदा ते बनवणाऱ्याच्या नावे असते. सोयीसाठी केलेले असते, वाईट हेतू नसतो. पण तो मुलगा उद्या दुबईला गेला तर तुमच्या दुकानाची पाटी त्याच्याबरोबर गेली. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपून ते रद्द झाल्यावर 30 दिवस जादा दंड भरून ते परत मिळू शकते. नंतर ते कोणीही घेतो. नाव स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर असावे. मराठी पाटीची हौस असेल तर 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत' नावेही मिळतात.

घराचे वेळापत्रक मात्र अजून सुटलेले नाही. त्याचे काही ग्राहक अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा येथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि थंडीत साडेआठ. म्हणजे घर जेवायला बसते तेव्हा त्यांचे ऑफिस उघडते. "मामू, फोन नाही उचलला तर काम दुसरीकडे जातं," असे तो म्हणतो, आणि त्याची बायको आमच्याकडे पाहते. आता रविवारी फोन बंद ठेवायचा, असे ठरले आहे. आतापर्यंत निम्मे रविवार पाळले गेले.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, तेव्हा मरोळचे घरही अंधारात गेले. सर्व्हर केंद्रांना मोठ्या बॅटऱ्या व डिझेल जनित्रे असल्याने ग्राहकांच्या वेबसाइट चालू होत्या. इन्व्हर्टर मात्र दुपारपर्यंतच पुरला. त्या दिवशी तो वडिलांच्या दुकानात जाऊन बसला आणि पायाच्या मशीनचा पट्टा बदलायला शिकला.

गेल्या महिन्यात त्याने बोरिवलीच्या एका फर्निचरवाल्याचे काम घेतले. करार दोन पानांचा, मराठीत. तेल कोण घालणार, हे पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. कागद बहिणीच्या लोखंडी कपाटात रेशन कार्डाशेजारी आहे.