ताशी पंचवीस किलोमीटर

डायव्हिकची बातमी आपल्याकडे वाचली गेली ती व्यापाराच्या पानावर. २०२६च्या पहिल्या तिमाहीत उत्पादन थांबवणार, हे रिओ टिंटोनं आधीच जाहीर केलं होतं. कॅनडाच्या उत्तर टोकाकडची हिऱ्याची खाण बंद होणार म्हटल्यावर सुरतेच्या कारखान्यांत आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये विषय निघणार तो कच्च्या मालाचा आणि प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांचा. ते रास्तच आहे. मला मात्र या बातमीत खाणीपेक्षा खाणीकडे जाणारा रस्ता मोठा वाटतो. वर्षातले जवळपास दहा महिने तो अस्तित्वातच नसतो.

डायव्हिक आहे लाक द ग्रा या सरोवरातल्या एका बेटावर, यलोनाइफ शहराच्या ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटरवर. बारमाही सडक तिथवर पोचत नाही. माणसं विमानानं ये-जा करतात. पण डिझेल, सिमेंट, स्फोटकं, राक्षसी डंपरचे टायर असा वर्षभराचा शिधा हिवाळ्यातल्या आठ-दहा आठवड्यांतच भरून घ्यावा लागतो. त्यासाठी टिबिट सरोवरापासून कॉन्ट्वॉयटो सरोवराच्या दिशेनं एक हिवाळी रस्ता काढला जातो. १९८२ साली ल्युपिन या सोन्याच्या खाणीसाठी तो पहिल्यांदा तयार झाला. पुढे हिऱ्याच्या खाणी आल्या आणि त्यांनी तो मिळून चालवायला घेतला. या रस्त्याचा सुमारे ८५ टक्के भाग गोठलेल्या सरोवरांवरून जातो. उरलेला भाग म्हणजे दोन सरोवरांमधले जमिनीचे तुकडे, ज्यांना तिकडे पोर्टेज म्हणतात. २००७च्या मोसमात या रस्त्यानं जवळपास ११ हजार खेपांमधून सुमारे ३ लाख ३० हजार टन माल वाहून नेला. एप्रिलनंतर सगळं वितळून गेलं आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.

त्याच २००७मध्ये ‘आइस रोड ट्रकर्स’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचा पहिला मोसम याच रस्त्यावरचा. मालिकेनं रस्त्याला जगभर नाव मिळवून दिलं, पण एक चुकीचं चित्रही मनात ठसवलं: थंडीशी झुंजणारा धाडसी चालक आणि जास्तीत जास्त खेपा मारण्याची शर्यत. प्रत्यक्षात थंडी या रस्त्याची मित्र आहे. तापमान उणे ४० झालं की रस्ता बांधणारे खूश असतात. त्यांचे खरे शत्रू दोन, आणि दोन्ही दिसायला निरुपद्रवी: वरून पडणारं हिम आणि गाडीचा वेग.

आधी हिमाचं बघू. सरोवरावर बर्फ वाढतो तो खालच्या बाजूनं. पाण्यातली उष्णता वरच्या बर्फातून हवेत निघून जाते, तेव्हाच खाली नवा थर धरतो. जसजशी जाडी वाढते तसतशी उष्णतेची वाट लांबते आणि वाढ मंदावते. हा नियम योसेफ श्टेफान या शास्त्रज्ञानं १८९१मध्येच मांडला होता. आता या बर्फावर फूटभर ताजं हिम पडलं, तर सरोवराला गोधडी पांघरल्यासारखंच होतं. हिमात हवा कोंडलेली असते, आणि त्यातून उष्णता टणक बर्फाच्या मानानं दहापट किंवा त्याहूनही कमी वाहते. बाहेर उणे ३० असलं तरी खालच्या बर्फाची वाढ अगदी मंदावते. म्हणजे जिथे हिम सर्वांत खोल, तिथेच खालचा बर्फ पातळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त. खोल हिमातून गाडी हाकणाऱ्याला पांढरी गादी दिसते आणि तो चाकं रुतण्याची काळजी करतो. खरी काळजी गादीखालची हवी.

हिमाला वजनही असतं. त्या भारानं बर्फाचा तक्ता खाली दबतो, भेगांमधून पाणी वर येतं आणि हिमाच्या तळाशी रबडीसारखा चिखल साचतो. वरच्या हिमामुळे तो आठवडेच्या आठवडे गोठत नाही आणि वरून ओळखूही येत नाही. गाडी त्यात शिरली की पट्टे किंवा चाकं भिजतात, बाहेरच्या हवेत तो चिखल क्षणात दगड होतो आणि यंत्र जागच्या जागी जखडतं. हा चिखल पुढे गोठला तरी त्यातून दुधी, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ होतो. जाडी मोजताना या दुधी थराची ताकद स्वच्छ निळसर बर्फाच्या निम्मीच धरण्याचा प्रघात आहे.

म्हणून रस्ता बांधायचा म्हणजे मुख्यतः हिम हटवायचं. बर्फ फूट-सव्वा फुटाचा झाला की पहिल्यांदा सरोवरावर उतरतात हेगलुंड नावाच्या स्वीडिश गाड्या. एकमेकींना जोडलेले दोन डबे, खाली रबरी पट्टे, आणि बर्फ फुटलाच तर तरंगण्याची सोय. पट्टे रुंद असल्यानं गाडीचा भार पसरतो. मागे ओढलेल्या रडारवर बर्फाची जाडी सलग उमटत जाते. हिम बाजूला झालं की थंडी आत शिरते, बर्फ वाढतो, मग हिम लोटणारे जरा जड नांगर येतात, मग त्याहून जड. जिथे घाई असते तिथे भोकं पाडून, पंपानं पाणी वर काढून, थरावर थर गोठवतात.

रस्त्याची रुंदी सुमारे ५० मीटर असते. दोन ट्रकना एवढी कशाला, असं वाटेल. पण बाजूला लोटलेल्या हिमाचे बांध स्वतःच एक संकट आहेत. बांधाखालचा बर्फ पांघरुणामुळे पातळ राहतो, वरून बांधाचं ओझं, आणि शेजारी उघडा पडलेला जाड तक्ता. या दोहोंच्या सीमेवर रस्त्याच्या लांबीभर भेगा पडतात. म्हणून बांध दूर ढकलायचे, पसरट करायचे, आणि ट्रक मधोमध ठेवायचे. हे सगळं करणारे नांगरचालक मालिकेत नावापुरते दिसतात. माझ्या मते या रस्त्याचे नायक तेच.

किती जाडीवर किती वजन, याचा हिशेब कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या लॉर्न गोल्ड यांनी बसवला. बर्फ फुटल्याच्या आणि न फुटल्याच्या असंख्य नोंदी तपासून १९६० आणि १९७१मध्ये त्यांनी जे सूत्र मांडलं, ते आजही उत्तरेत वापरात आहे. जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, एका गुणकानं गुणा. किलोमध्ये भार मिळतो. सावध राहायचं तर गुणक चार. म्हणजे २५ सेंटिमीटरवर अडीच टन, ५० वर १० टन, मीटरभर बर्फावर ४० टन. भरलेला टँकर ६० टनांच्या पुढे जातो. त्यासाठी मीटरभराहून जाड बर्फ आणि रोजची मोजणी दोन्ही लागतात. हे झालं चालत्या गाडीचं. तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीखाली बर्फ हळूहळू वाकत राहतो. सरोवरावर गाडी लावून झोपायचं नसतं ते यासाठी.

या हिशेबाच्या आधीची पिढी अंदाजावर चालत होती. जॉन डेनिसन हे पूर्वी पोलिसात असलेले गृहस्थ. १९५० आणि ६०च्या दशकांत त्यांनी यलोनाइफहून ग्रेट बेअर सरोवराकाठच्या एको बे खाणीपर्यंत गोठलेल्या सरोवरांवरून ट्रकची वाट काढली. ईडिथ इग्लावर या लेखिकेनं त्यांच्यासोबत प्रवास करून ‘डेनिसन्स आइस रोड’ हे पुस्तक लिहिलं. ज्यांना हा विषय आवडेल त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

आता वेग. माझ्यासाठी हा या विषयाचा गाभा आहे.

बर्फाचा तक्ता पाण्यावर तरंगतो. ट्रक त्यावर आला की खाली उथळ खळगा पडतो, आणि ट्रक पुढे सरकला की खळगाही सरकतो. खळग्यामुळे खालचं पाणी हलतं, लाट उठते. ट्रक सावकाश असेल तर ही हालचाल सहज पसरून विरते. पण ट्रकचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला, की लाटेला ट्रकपासून दूर जाताच येत नाही. प्रत्येक क्षणी नवी ऊर्जा त्याच लाटेत भरली जाते, खळगा खोल होतो, आणि उभ्या ट्रकला सहज पेलणारा बर्फ फुटतो. उथळ पाण्यात हा घातक वेग मुख्यतः खोलीवर ठरतो. पाणी पाच मीटर खोल असेल तर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे सात मीटर, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर. दहा मीटर खोलीला तो पस्तीसच्या आसपास जातो.

भरलेल्या ट्रकना टिबिटच्या रस्त्यावर सरोवरांवर ताशी २५ची मर्यादा असते, काही ठिकाणी १०ची. सर्वांत अवघड जागा सरोवराचा मध्य नव्हे, काठ. काठाकडे पाणी उथळ होत जातं, म्हणजे घातक वेगही उतरत जातो. चालकाला मात्र जमीन दिसू लागलेली असते आणि पाय आपोआप दाबला जातो. त्यात त्याच्याच ट्रकची लाट काठावर आपटून परत येते. म्हणून ट्रक ठरावीक वेळानं, लहान गटांत सोडतात आणि दोन ट्रकमध्ये शेकडो मीटर राखतात.

हे ज्ञान कोणत्या किमतीला मिळालं, ते समजायला लाडोगा सरोवराकडे जावं लागतं. १९४१च्या हिवाळ्यात लेनिनग्राडला वेढा पडला होता आणि शहर उपाशी मरत होतं. २२ नोव्हेंबरला दीडटनी ट्रकचा पहिला ताफा लाडोगाच्या कोवळ्या बर्फावर उतरला. सुरुवातीला ट्रकमध्ये मोजकीच पोती. भार पसरावा म्हणून काहींच्या मागे घसरगाड्या जोडलेल्या. बुडायची वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून चालक दार उघडं ठेवून चालवत. तरी ट्रक बुडत होते, आणि त्यात एक कोडं होतं. जड ट्रक पार व्हायचा आणि त्याच वाटेवर हलका ट्रक बर्फ फुटून खाली जायचा, असं सांगितलं जातं. लेनिनग्राडच्या भौतिक-तंत्र संस्थेतले पावेल कोबेको, नाउम रेयनोव आणि त्यांचे सहकारी या कोड्याच्या मागे लागले. त्यांनी प्रोगिबोग्राफ नावाचं उपकरण बनवलं. ते बर्फाचं वाकणं आपोआप नोंदवून ठेवी. गोळीबाराखाली आणि अर्धपोटी या माणसांनी सरोवरावर उपकरणं रोवली, आणि बर्फाच्या लाटेचं गणित कागदावर आणलं. कोणता वेग टाळायचा, किती अंतर ठेवायचं, हे नियम त्यातून आले. त्या पहिल्या हिवाळ्यात या वाटेनं साडेतीन लाख टनांहून जास्त माल शहराकडे गेला आणि सुमारे साडेपाच लाख माणसं बाहेर काढली गेली. युद्धाच्या इतिहासात रणगाड्यांची नावं पाठ असणाऱ्यांनी कोबेको आणि रेयनोव ही नावंही लक्षात ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

पुढे १९८०च्या दशकात जपानमध्ये होक्काइदोच्या सारोमा सरोवरावर ताकिझावा यांनी वेगवेगळ्या वेगांनी हिमस्कूटर चालवून हीच लाट शांततेच्या काळात, सवडीनं मोजली. न्यूझीलंडच्या व्हर्नन स्क्वायर आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आणि एस्टोनियात तर हे गणित थेट वाहतुकीच्या पाटीवर आलं. तिथे बेटांकडे जाणाऱ्या समुद्रावरच्या बर्फाळ रस्त्यांवर ताशी २५च्या खाली किंवा ४०च्या वर चालवायचं. मधला पट्टा निषिद्ध. थांबायचं नाही, आणि सीटबेल्ट लावायचा नाही, कारण गाडीतून क्षणात बाहेर पडता आलं पाहिजे.

इथे एक आपल्या कामाची गोष्ट. हल्ली महाराष्ट्रातून हिवाळ्यात लडाखला जाणारे बरेच आहेत. गोठलेल्या पँगाँगवर माणसं धावलेली आहेत. २०२३मध्ये तिथे अर्धमॅरेथॉन झाली. पण ती मोजलेल्या, राखलेल्या मार्गावर झाली. तिचे फोटो बघून भाड्याची गाडी हिमाच्छादित तळ्यावर घालू नये. तिथे रडार फिरलेलं नसतं, हिम हटवलेलं नसतं, आणि पँगाँगचं पाणी खारट असल्यानं गोड्या पाण्याच्या बर्फाचे आकडे तिथे तसेच लागू होत नाहीत.

पुन्हा कॅनडा. २००६चा हिवाळा उबदार गेला, टिबिटचा रस्ता वेळेआधी बंद पडला आणि खाणींना उरलेला माल प्रचंड खर्च करून विमानांनी न्यावा लागला. खाणींना ते परवडलं. उत्तर ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबातल्या मूलनिवासी वस्त्यांना ते परवडत नाही. त्यांच्यासाठी हिवाळी रस्ता म्हणजे स्वस्त इंधन, घरबांधणीचं सामान, नातेवाइकांकडे जाण्याची परवडणारी सोय. २०२४च्या सुरुवातीला हे रस्ते वेळेवर धरलेच नाहीत आणि तिथल्या प्रमुखांवर आणीबाणी जाहीर करण्याची वेळ आली.

उपाय बारमाही सडकेचा. इनुविक ते टुक्टोयाक्टुक ही सडक नोव्हेंबर २०१७मध्ये उघडली आणि तिथला बर्फाचा रस्ता इतिहासजमा झाला. व्हाटी गावाला ९७ किलोमीटरची सडक २०२१मध्ये मिळाली. या सडका सोप्या नाहीत. टुक्टोयाक्टुकची सडक कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. ती जमीन खोदायची नाही म्हणून नुसता भराव टाकून, तोही मुख्यतः हिवाळ्यात, बांधावी लागली. टिबिटचा खर्च खाणी आपापल्या मालाच्या प्रमाणात उचलतात. खाणी कमी होत जातील तसा तो भार उरलेल्यांवर पडेल, आणि एखाद्या वर्षी रस्ता न बांधण्याचाच हिशेब स्वस्त ठरेल. तसं झालं तर नांगरचालक, रडारवाले आणि बर्फ वाचणारे लोक सरकारनं तातडीनं कामावर घ्यावेत, आणि मॅनिटोबातल्या आयलंड लेकसारख्या भागात पाठवावेत. तिथल्या वस्त्यांना बारमाही सडक मिळेपर्यंत या लोकांची गरज कोणत्याही खाणीपेक्षा जास्त आहे.