बॅटरी-पंपाचें सॉकेट कां तापतें व तें कसें दुरुस्त करावें

पाठीवरील बॅटरी-पंप आतां रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक बागांत दिसतो. उंच हापूसास इंजिनचा पंप लागतो हें खरें. परंतु नवीं कलमें, काजू व भाजीपाला यांची फवारणी या लहान पंपावर सोयीची होते. तुडतुडे व भुरी यांवरील फवारणीस चार दिवसांचा विलंबही महाग पडतो. अशा वेळीं पुष्कळांस असा अनुभव येतो कीं, रात्रभर चार्जर लावूनही पंप तासाभरांत थांबतो, आणि चार्जरची पिन जेथें शिरते तें सॉकेट हातास चटका देतें. हा दोष वेळींच ओळखल्यास पंपही वाचतो व आगीचें भयही टळतें.

विजेच्या वाटेंत जेथें अडथळा असतो तेथें उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व अडथळ्याच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं मांडला. दोन अँपियर प्रवाह चालू असतां सांध्याचा अडथळा ०.०२ ओहम असेल तर उष्णता ०.०८ वॅट, म्हणजे नगण्य. तोच अडथळा एक ओहम झाल्यास ती चार वॅट होते. नखाएवढ्या जागेंत एवढी उष्णता सांठली कीं प्लास्टिक मऊ पडतें, आंतील पट्टी सैल होते, अडथळा आणखी वाढतो. आपल्याकडे खारा वारा, पावसाळ्यांतील दमटपणा व टाकीवरून ओघळणारें गंधकाचें किंवा ताम्रयुक्त औषध यांमुळें पितळेवर कळंक लवकर चढतो.

परीक्षा पुढील क्रमानें करावी. चार्जर कोमट होणें स्वाभाविक आहे. बॅटरीही तापत असेल तर दोष बॅटरीचा समजावा. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते, १०.५ च्या आसपासच राहिल्यास सहांपैकीं एक घर निकामी झालें असण्याचा संभव फार. तिला नवें सॉकेट घालून उपयोग नाहीं.

केवळ सॉकेट तापत असेल तर पिन हलकेच हलवून पाहावी. चार्जरचा दिवा लुकलुकल्यास पकड सैल आहे. नंतर चार्जर चालू असतां मल्टिमीटरनें सॉकेटच्या मागील दोन टोकांवर व मग बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर असल्यास दोष तारेचा, फ्यूजचा किंवा सुटलेल्या डाखाचा. अंतर नसल्यास पिन व सॉकेट यांच्या सांध्याचा.

दुरुस्तीपूर्वीं चार्जर काढावा व बॅटरीची एक तार सोडवावी. १२ व्होल्टचा झटका बसत नाहीं, पण दोन टोकें एकमेकांस लागल्यास तार लाल होते. किंचित् कळंक असल्यास बारीक पॉलिश-कागदानें घासून काढावा. वितळलेलें सॉकेट मात्र पुन्हा वापरूं नये. नवें घेतांना जुनें सोबत न्यावें. कारण मधल्या कांडीची जाडी २.१ व २.५ मिलिमीटर अशा दोन मापांची असते, तीं दिसण्यांत सारखींच, परंतु चुकीचें माप सैल बसून पुन्हा तापतें. तांबडी व काळी तार कोठें होती हें लिहून ठेवावें; उलट जोडल्यास चार्जर जळूं शकतो. तारेचें टोक लखलखीत करून डाख द्यावा व वर रोधक नळी चढवावी. चार्जरची पिन काळवंडली असल्यास तीही बदलावी, नाहीं तर ती नवें सॉकेट बिघडवील.

भिंतीवरील २३० व्होल्टचें सॉकेट तापत असेल तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच काम करवावें. लिथियमची बॅटरी फुगली असल्यास ती उघडूं नये व चार्जही करूं नये.

पंप पेंढ्याच्या व आंब्याच्या पेट्यांच्या खोलींत चार्ज न करतां मोकळ्या फरशीवर, माणूस जागा असतांना करावा. काम संपल्यावर सॉकेट पुसून रबरी टोपण लावावें, व पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां शिशाची बॅटरी भरून ठेवावी. एवढी दक्षता घेणाऱ्या बागाइतदारास मोहोराच्या दिवसांत दुकानाची वाट धरावी लागणार नाहीं.