चार तासांच्या आत

मावसबहिणीची फाईल चाळताना एका चिठ्ठीपाशी मी थांबले. बाकीचे कागद छापील होते. ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, थायरॉईड, आणि प्रत्येकावर 'नॉर्मल' असा शेरा. ही चिठ्ठी मात्र हाताने लिहिलेली होती: 'लाली सुरू 6.10. इंजेक्शन 6.35. नमुना 8.05.' एवढ्या जाड फायलीत माणसाला काय झालं आणि ते नेमकं केव्हा झालं, हे लिहिणारा हा एकच कागद. तो कोणी लिहिला ते पाहायला मी वाईला गेले.

गणपती आळीपासून जवळच एका दवाखान्याला लागून ती लॅब आहे. समोर खुर्च्यांची एक रांग, आत स्पिरिटचा वास, टेबलावर सेंट्रिफ्यूज. रक्त घेणाऱ्या ताई पन्नाशीच्या. सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची गर्दी दहापर्यंत ओसरते, मग त्या चहा घेतात. वेळ लिहिण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "रोज तारीख लिहायची सवय असते आम्हाला. वेळ कोण बघतंय? पण या तपासणीत वेळ नसली तर आकड्याला काही अर्थच नाही."

बहीण वाईतल्याच एका शाळेत शिकवते. चाळिशीनंतर तिला हा त्रास सुरू झाला. चेहरा आणि छाती एकदम तापून लाल होते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाऊण तासात सगळं उतरतं आणि दोन दिवस पुरेल एवढा थकवा मागे राहतो. घरच्यांच्या मते पित्त, म्हणून अंगाला आमसुलाचं पाणी. डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगितली, मग टेन्शन, मग पाळी जायचं वय. एका ठिकाणी तर तिच्यादेखत तिच्या नवऱ्याला सांगितलं गेलं की यांना जरा फिरायला न्या. झटका उतरल्यावर डॉक्टरांपुढे बसलेली बाई धडधाकट दिसते, हाच या आजाराचा सगळ्यात क्रूर भाग आहे.

त्याआधी मेणवलीच्या घाटावर तिला मधमाशी चावली होती. काही मिनिटांत ती कोसळली, बीपी लागेना. घरात हा किस्सा वेगळाच सांगितला जायचा, आजाराशी त्याची कुणी सांगड घातली नव्हती. ती घातली पुण्यातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी. "माशी चावली तेव्हा अंगावर गांधी उठल्या होत्या?" नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. खाज? ओठ सुजले? नाही. दंशाच्या ॲलर्जीत सहसा अंगावर गांधी उठतात. त्वचा कोरी राहून माणूस थेट बेशुद्ध पडला, तर मास्ट पेशींचा संशय घ्यावा लागतो. वर महाबळेश्वराकडे मधाचा धंदा, 2022 मध्ये मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं, कड्याकपारींत आग्यामोहळं. या मुलुखात माशी चावणं नवलाचं नाही. त्यानंतर विचारायचा हा प्रश्न तेवढा रुळलेला नाही.

मास्ट पेशी प्रथम ओळखल्या पॉल एर्लिखने, 1878 साली, लायपझिगला सादर केलेल्या प्रबंधात. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. विशिष्ट ॲनिलिन रंगांनी त्यांच्यातले दाणे वेगळ्याच छटेचे दिसत. त्वचा, आतडी, श्वासनलिका, रक्तवाहिन्यांच्या कडा, अशा ठिकाणी त्या असतात. दाण्यांमध्ये हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज भरलेलं. बिघाड मुख्यतः दोन तऱ्हांचा: एकतर त्या फाजील वाढतात, याला मास्टोसायटोसिस म्हणतात, किंवा संख्या बेताची असूनही क्षुल्लक कारणाने दाणे ओततात. ओतलेलं हिस्टामिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं. ट्रिप्टेज थोडं रेंगाळतं. तास-दोन तासांत ते शिगेला पोचतं, मग साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. म्हणून डॉक्टरांनी बजावलं, "आधी उपचार, मग रक्त. पण चार तासांच्या आत."

चार तास. पुण्यात बसून हा वेळ भरपूर वाटतो. वाईत संध्याकाळी लॅबचं शटर खाली येतं. एकदा रविवार आडवा आला. एकदा दुसऱ्या एका ठिकाणी "असली तपासणी आमच्याकडे होत नाही" म्हणून परत पाठवलं. तपासणी तिथे व्हायचीच नव्हती, नुसतं रक्त काढून ठेवायचं होतं. सकाळी रक्त दिलं तेव्हा चार तास कधीच उलटलेले, आकडा नॉर्मल, आणि फायलीत आणखी एक शेरा. या ताईंनी मात्र आपला मोबाईल नंबर दिला. "मॅडम, दवाखान्यात इंजेक्शन घ्या आणि तिथूनच फोन करा. मी येते." त्या आल्या, शटर उघडलं, आधी घड्याळ पाहून वेळ लिहिली, मग दंडाला पट्टा बांधला. पुढचं नेहमीचंच: रक्त गोठू दिलं, फिरवून सीरम वेगळं काढलं, फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या डब्यातून पुणे आणि तिथून मुंबई.

आकडा आला 13. त्रास पूर्ण निवळून किमान 24 तास गेल्यावर मूळ पातळी मोजायची असते. ती निघाली 6. आता हिशेब असा: मूळ पातळी, तिचे वीस टक्के आणि वर दोन. 6 चे होतात 9.2. 13 त्याच्या बरंच वर. रिपोर्टवर मात्र सर्वांसाठी एकच मर्यादा छापलेली असते, 11.4. एखाद्याची मूळ पातळी 4 असेल आणि झटक्यात ती 8 झाली, तर ती वाढ खरी असते, कारण त्याची मर्यादा 6.8. कागद त्यालाही 'नॉर्मल'च म्हणणार. त्या माणसाचे दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

याची दुसरी बाजूही मला तितकीच खुपते. थकवा, डोकेदुखी, पोटफुगी, सगळ्यावर रक्त न घेताच मास्ट पेशींचा शिक्का मारणारेही आहेत. तज्ज्ञांनी 2012 मध्ये मांडलेले निकष तीन: किमान दोन अवयवसंस्थांना झटक्याने होणारा त्रास, त्या वेळी वाढलेलं ट्रिप्टेज, आणि योग्य औषधांना मिळणारा प्रतिसाद. तिन्ही हवेत. ही कडक शिस्त मला पटते. पण ती वाईच्या बाईवर लावायची तर रविवारीही कुणीतरी रक्त काढून ठेवायला हवं.

बहिणीच्या अंगावर तपकिरी डाग नाहीत. असते तर ते घासून पाहतात, गांध उठली तर खूण पटते. डाग नसलेल्यांसाठी स्पेनमधल्या डॉक्टरांनी गुण द्यायची एक पद्धत बसवली आहे. स्त्री म्हणून उणे एक. गांधी, खाज, सूज काही नाही म्हणून अधिक एक. शुद्ध हरपली म्हणून अधिक तीन. मूळ ट्रिप्टेज 15 च्या खाली म्हणून उणे एक. बेरीज दोन, आणि दोन किंवा अधिक आले तर अस्थिमज्जा तपासावी लागते. मज्जेत 15 किंवा अधिक मास्ट पेशींचे घट्ट पुंजके आहेत का ते बघतात, आणि केआयटी नावाच्या जनुकातला डी816व्ही हा बदल शोधतात.

त्या बदलासाठी रक्ताचा नमुना गेला आहे, तोही ताईंनीच घेतला. ॲड्रेनॅलिनची ॲम्प्युल आणि सिरिंज बहिणीच्या पर्समध्ये असते, एक जोडी शाळेच्या शिक्षक-खोलीत. अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, हे डॉक्टरांनी तिच्या दोन सहकाऱ्यांना दाखवलं. सिरिंज भरायचा सराव ताईंनी सलाईनवर करून घेतला. मज्जेची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत करायची ठरली आहे.