काचपट्टीमागची माणसे

जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी भारतातली पहिली सरकारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली, 1889 च्या डिसेंबरात. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी हे तिचे नाव. बुळकांडीच्या साथीत तेव्हा गोठेच्या गोठे रिकामे होत. बैल गेले की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की घर सावकाराच्या दारात. रोगाचे जिवंत जंतू हाताळायचे तर जागा थंड आणि वस्तीपासून लांब हवी, म्हणून 1893 साली ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. पुढे 2011 साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग.

अशा यशाचे श्रेय आपण लसीला देतो, आणि ते योग्यच आहे. पण लसीच्या आधी रोग ओळखावा लागतो, आणि तो ओळखणारे विभाग कसे चालतात याची चर्चा फारशी होत नाही. महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या प्राणी रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. आज परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथल्या संस्था नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. प्रत्येक महाविद्यालयात शरीररचनेपासून शल्यचिकित्सेपर्यंत अनेक विभाग असतात. त्यातला विकृतिशास्त्र विभाग नीट पाहिला तरी बाकीच्यांच्या गरजांचा अंदाज येतो.

या विभागाचे काम मेलेल्या जनावरापासून सुरू होते. म्हैस चारपाचशे किलोची. ती टेम्पोतून उतरवायला साखळीचा कप्पा लागतो, शवविच्छेदनगृहाला उताराची फरशी, भरपूर पाणी आणि झाकलेली गटारे लागतात, आणि शेवटी शव जाळायला भट्टी किंवा चुना टाकून पुरायला खोल खड्डा. वेळही थोडा असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मेल्यानंतरही आंबण्याची क्रिया चालू राहते. उन्हाळ्यात काही तासांतच आतले अवयव कुजू लागतात आणि रोगाच्या खुणा पुसल्या जातात.

सुरी लावण्याआधी मात्र थांबून पाहावे लागते. जनावर अचानक मेले आहे, नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले आहे, अंग ताठरलेले नाही, तर संशय फाशी रोगाचा, म्हणजे ॲन्थ्रॅक्सचा. असे शव उघडायचे नाही, कारण हवा लागली की हे जंतू बीजाणू तयार करतात आणि ते मातीत अनेक वर्षे टिकतात. अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवतात, जुन्या मिथिलीन ब्लूने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. चौकोनी टोकांचे निळे दंडाणू आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसले की शव न उघडता पुरायचे. यात महागडे यंत्र एकही नाही. लागतो तो साधा सूक्ष्मदर्शक आणि ते गुलाबी आवरण ओळखणारा अनुभवी डोळा.

संशय फाशीचा नसेल, तर अवयव उघडून पाहतात. गाईच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून घुसलेली तार पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचलेली कधी कधी इथेच सापडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या बदलांसाठी अवयवांचे पातळ तुकडे दहापट फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. मग अल्कोहोल, झायलिन आणि वितळलेले मेण. मेणाची वडी मायक्रोटोमवर चढवून तंत्रज्ञ चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतो. काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत ब्रशने उचलून कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुती पडू न देता काचपट्टीवर घ्यायची. हात बसायला महिनोन्‌महिने जातात. पाते बोथट असेल किंवा पाणी जास्त तापले असेल तर काप फाटतो, आणि मोठ्यात मोठ्या प्राध्यापकालाही त्या काचपट्टीवर निदान करता येत नाही.

आता विषाणूंच्या निदानाला पीसीआर यंत्र, एलायझा रीडर, जैवसुरक्षा कपाट आणि उणे 80 अंशांचा फ्रीझर लागतो. काही रोगांना एवढ्यानेही भागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला 2006 च्या फेब्रुवारीत कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा त्याचे निदान भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत झाले. असल्या प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्यात उभारता येणार नाहीत. पण नमुना नीट घेणारा, बर्फात बांधणारा आणि वेळेत पाठवणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात हवाच.

तयारी साथीच्या आधीच लागते, हे लम्पीच्या साथीने दाखवले. 2022 साली गावोगावी गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या. त्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस कामी आली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वदेशी लम्पी लसीचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्याचा करार झाला. विषाणूंचे नाते आधीपासून अभ्यासलेले होते, म्हणूनच संकटात हाताशी लस होती. साथ आल्यावर अभ्यास सुरू करून चालत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, विभागाची ताकद यंत्रांच्या यादीवरून मोजू नये. यंत्र एकदाच्या अनुदानातून येते. पुढे लागणारी रसायने, दुरुस्तीचा वार्षिक करार आणि वीज गेल्यावर चालणारे जनरेटर यांचा खर्च मात्र दर वर्षी करावा लागतो. फ्रीझर एका रात्रीत बंद पडला तर कित्येक वर्षांचे नमुने वाया जातात. माणसांचेही तसेच. प्राध्यापकाची जागा रिकामी राहिली तर निदान कोणाच्या तरी लक्षात येते. तंत्रज्ञाची आणि परिचराची जागा रिकामी राहिली तर ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडते आणि त्यांचे संशोधन रखडते. शिवाय अनुभवी तंत्रज्ञ निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली नवा माणूस आला नाही, तर त्याने कमावलेले कसब त्याच्याबरोबरच जाते. शव उचलणारा परिचर पिसाळलेल्या जनावराचाही धोका पत्करतो. त्याला रेबीजची प्रतिबंधक लस, गमबूट आणि जाड हातमोजे देणे ही सवलत नाही, विभाग चालवण्याची पहिली अट आहे.

म्हणून मागणी साधी आहे. नवे महाविद्यालय जाहीर करण्याआधी जुन्या विभागांतली पदे भरा, तंत्रज्ञ आणि परिचरांसकट. यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या देखभालीचे पैसेही मंजूर करा. आणि पशुपालकांना एक विनंती. जनावर अचानक दगावले तर त्याला हात लावू नका, कातडे सोडवू नका. आधी 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि डॉक्टरांनी सांगितले तर शवविच्छेदन होऊ द्या. गेलेले जनावर परत येत नाही, पण त्याच्या निदानामुळे गोठ्यातली बाकीची जनावरे वाचू शकतात.