गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि ऑक्सिडेटिव्ह ताण

गरोदरपणाचे २० आठवडे पूर्ण झाल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या अवस्थेस ‘प्री-एक्लॅम्पसिया’ म्हणतात. या आजारामागे पेशींवरील ऑक्सिडेटिव्ह ताणाचा मोठा वाटा असतो. हा ताण मनाचा नव्हे. त्यामुळे ‘तू फार विचार करतेस’ असे म्हणून गर्भवतीला दोष देऊ नये.

वार रुजताना गर्भाशयातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बाळाला मुबलक रक्त मिळते. काही स्त्रियांमध्ये त्या पुरेशा रुंदावत नाहीत. वारेला रक्तपुरवठा अपुरा व अनियमित होतो आणि तेथे ऑक्सिजनपासून निर्माण होणारे अस्थिर रेणू शरीराला आवरता येत नाहीत. अशा वारेतून मातेच्या रक्तात मिसळणारे घटक रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. मूत्रपिंडांतून प्रथिने गळू लागतात.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतल्या तर? हा विचार स्वाभाविक आहे. तथापि ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा हजारो गर्भवतींना देऊन तपासण्यात आल्या, तेव्हा हा आजार टळला नाही. आवळा, पेरू, पालेभाज्या आहारात अवश्य असाव्यात. या आजारावरील औषध म्हणून मात्र त्यांच्याकडे पाहू नये. आहारात कॅल्शियम कमी असल्यास त्याच्या गोळ्यांचा उपयोग होतो. त्या जेवणासोबत घ्याव्यात, लोहाच्या गोळीबरोबर नव्हे. अधिक जोखीम असणाऱ्यांना डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. ती स्वतःहून सुरू करू नये.

रक्तदाब वाढूनही अनेकींना काहीच जाणवत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी, आणि आकडा माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवला आहे ना, हे घरातील कोणीतरी पाहावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आकडी आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही हा आजार उद्भवू शकतो. बाळाच्या लसीकरणासाठी जाल तेव्हा आपलाही रक्तदाब मोजून घ्यावा.