जुना लॅपटॉप टाकू नका, आधी आतली डिस्क बघा

मला हमखास येणारा प्रश्न: "लॅपटॉप फार स्लो झालाय, नवीन घेऊ का?" मी आधी उलटा प्रश्न विचारतो, आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमधली बहुतेक वेळा मिनिटाला 5400 फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला 11 मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. एका वाचनाला 15 मिलिसेकंद सहज जातात. सेकंदाला जेमतेम 60-70 वाचनं. आणि विंडोज सुरू होताना अशी हजारो छोटी वाचनं लागतात! एसएसडीत फिरणारं काही नाहीच. तिथे हेच काम साधारण 0.1 मिलिसेकंदात उरकतं.

मग एनव्हीएमई? साटा एसएसडी सेकंदाला 550 एमबीच्या आसपास थांबते, जेन 4 एनव्हीएमई 7000 पर्यंत जाते. पण बॉक्सवरचा हा आकडा मोठी फाइल सलग वाचतानाचा. व्हिडिओ एडिटिंगला उपयोग आहे. ब्राउझर, एक्सेलमध्ये फारसा फरक जाणवत नाही.

आणखी एक, एम.2 हा आकार आहे, वेग नाही. एम.2मध्ये साटाही मिळते, म्हणून आपला स्लॉट काय घेतो ते आधी तपासा.

थोडक्यात, हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येणं हीच खरी मोठी उडी. बदलण्याआधी बॅकअप मात्र घ्याच!